चौकशीचा मुलूख

ज्या गृहस्थाला उभ्या जन्मात कोणी त्याचा पगार विचारला नाही, त्याने येरमाळ्याच्या चौकात एसटीची वाट पाहत अर्धा तास उभे राहावे. सोलापूरकडून धुळ्याकडे जाणारा महामार्ग आणि बार्शीहून कळंबकडे निघालेला रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तिथल्या चहाच्या टपरीपुढे बाकावर बसलेली वडीलधारी मंडळी ही सरकारी हुकमाशिवाय, वेतनाशिवाय आणि सुट्टीशिवाय चालणारी एक अखंड चौकशी समिती असून, ‘कुणाचा रं तू?’ या पहिल्या कलमापासून ‘मग पगार किती पडतोय?’ या अखेरच्या कलमापर्यंतचे जाबजबाब ती इतक्या सहजतेने उरकते की, आपण आरोपी आहोत याचे भान आरोपीला चहाचा दुसरा कप हाती येईपर्यंत होत नाही. या समितीपुढे लहानपणापासून उभा राहिल्यामुळे माझ्या अंगी जो एक प्रकारचा निगरगट्ट खरेपणा मुरला, त्याचा उपयोग पुढे चीन देशात होईल, असे भाकीत मात्र येडाईच्या डोंगराखाली पाट मांडून बसणाऱ्या कोणत्याही ज्योतिषाने केले नव्हते.

मी तिकडे गेलो तो हपै प्रांतातल्या शिच्याच्वांग नावाच्या शहरी, एका महाविद्यालयात इंग्रजीतून गणित शिकवण्यासाठी. चिनी मुलांना गणित शिकवायला येरमाळ्याहून माणूस जाणे म्हणजे तुळजापुरात कवड्यांची माळ विकायला जाणे होय, हे मला ठाऊक होते. पण वर्गाला गणित माझ्याहून बरे येत होते आणि इंग्रजी माझ्याहून कमी, या दोन उणिवांच्या बेरजेवर माझी नोकरी उभी होती आणि ती बेरीज तपासून पाहण्याची गरज ना त्यांना वाटली ना मला. हिंदी माणूस म्हटला की त्याला योगासने येणारच, अशी तिकडे सार्वत्रिक समजूत असल्यामुळे रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मला शीर्षासन करून दाखवण्याची नम्र विनंती झाली. ती मी प्रकृतीचे कारण सांगून टाळली. उलट, उन्हाळ्याच्या रजेत गावी आलो तेव्हा चौकातल्या पोरांनी मला कराटेचे चार हात दाखवण्याचा आग्रह धरला, आणि तीही विनंती प्रकृतीच्याच कारणावर निकालात निघाली.

परदेशी मनुष्य भाड्याच्या घरात उतरला, तर चोवीस तासांच्या आत त्याने पोलीस ठाण्यात जाऊन आपल्या मुक्कामाची वर्दी द्यावी, असा त्या देशाचा कायदा आहे. आमचा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात, निजामाच्या अमलाखाली होता. त्यामुळे दरखास्त, दाखला, तपशील, मुदत आणि मोहोर यांची भीती आमच्या रक्तात तीन पिढ्या मुरलेली आहे, आणि घरमालकिणीला बरोबर घेऊन मी त्या ठाण्याची पायरी चढलो ती आजोबांनी तहसील कचेरीची चढावी तशाच अदबीने. चिनी दफ्तरात माणसाच्या सहीला फारशी किंमत नाही. सही कोणीही करील. पण तांबड्या शाईची, वाटोळी, मधोमध पाच टोकांचा तारा असलेली मोहोर कागदावर उमटली की त्या कागदात प्राण येतो, आणि तोपर्यंत तो कागद कितीही सत्य बोलत असला तरी कचेरीच्या दृष्टीने मुकाच असतो. हे सारे मला इतके ओळखीचे वाटले की, खिडकीपलीकडच्या पोलिसाला आपसूक ‘रावसाहेब’ म्हणून हाक मारावी अशी इच्छा झाली. रावसाहेबांनी पारपत्र पाहिले, व्हिसा पाहिला, भाडेपट्टा पाहिला, आणि मग, ज्याचा कोणत्याही कलमात उल्लेख नाही असा प्रश्न केला: लग्न झाले आहे का?

तिथून पुढे ही चौकशी थांबली नाही. उद्वाहकात भेटलेल्या आजीबाईंनी वय विचारले. भाजीवालीने मुले किती हे विचारले, आणि एकच म्हटल्यावर काळजीने मान हलवून कोथिंबिरीची एक जुडी पिशवीत वर टाकली. दरवाजावरच्या पहारेकऱ्याने घरभाडे विचारले, ते ऐकून मालकिणीने मला फसवल्याचा निर्वाळा दिला, आणि लगोलग पगार विचारून, तेवढ्या पगारावर फसायला हरकत नाही, असा दुसरा निर्वाळाही दिला. माझ्याबरोबर शिकवणारा एक इंग्रज सद्गृहस्थ अशा प्रश्नांनी अक्षरशः पांढरा पडत असे; त्याच्या देशात हवामानाखेरीज कशाचीच चौकशी करण्याचा प्रघात नसल्यामुळे त्याला हा आपल्या खाजगी आयुष्यावर पडलेला दरोडा वाटे. मला मात्र पहिल्या महिन्यातच उमगले की, आपण घरी आलो आहोत. जिथे पगार विचारतात तिथे उपाशी मरू देत नाहीत, हा माझा अनुभव येरमाळ्याचा होता. तो हपै प्रांतातही खोटा ठरला नाही, कारण मी तापाने आडवा झालो तेव्हा दारात भाताची पेज घेऊन उभ्या राहिल्या त्या वय विचारणाऱ्या आजीबाईच.

देहाविषयीचे अभिप्रायही तिकडे इकडच्याइतकेच मोकळेपणाने दिले जातात. सुट्टी संपवून परतलो की आजीबाई मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून ‘लठ्ठ झालास’ असे प्रसन्न मुद्रेने सांगत. आणि त्याच देहाला, त्याच वजनासह, आठ दिवसांपूर्वी माझ्या मावशीने ‘पार वाळलास की रं’ म्हणून डोळ्याला पदर लावलेला असे.

चिनी माणसाची ही चौकस वृत्ती आजकालची नव्हे. सातव्या शतकात, पुलकेशीच्या कारकिर्दीत, ह्युएनत्संग नावाचा जो भिक्षू आपल्या महाराष्ट्रातून गेला, त्याने इथली जमीन सुपीक आणि हवा उष्ण असल्याची नोंद केली. माणसे साधी, प्रामाणिक, पण मानी असून उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे लिहून ठेवले. इतकेच नव्हे, तर लढाईपूर्वी सैनिकांना आणि हत्तींनाही मद्य पाजले जाते, इथपर्यंत तपशील गोळा केला. ज्या परदेशी माणसाला हत्तीच्या पेल्याची बातमी मिळते, त्याने सैनिकांच्या तनख्याची चौकशी केली नसेल, हे मला संभवनीय वाटत नाही. ग्रंथात तो आकडा उतरला नाही, एवढेच.

मघाशी माझ्या तापाची गोष्ट निघालीच आहे, तर गरम पाण्याविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. चीन देशात पडसे, पोटदुखी, परीक्षेची धास्ती, विरह आणि सासूशी मतभेद या सर्वांवर एकच मात्रा चालते: गरम पाणी प्या. आगगाडीच्या प्रत्येक डब्यात, स्थानकात, महाविद्यालयाच्या प्रत्येक मजल्यावर उकळत्या पाण्याची तोटी असते, आणि विद्यार्थी, प्राध्यापक, शिपाई आणि प्राचार्य हे सर्व एकेक थर्मास काखोटीला मारून तिच्यापुढे समान भावाने रांग लावतात. समाजवादाचे जेवढे दर्शन मला तिकडे घडले, त्यातले बरेचसे या तोटीपाशी घडले. वैशाखात माठातल्या वाळा घातलेल्या पाण्यावर वाढलेल्या मराठवाड्याच्या माणसाने जुलै महिन्यात खाणावळीत बसून थंड पाणी मागितले, तेव्हा वाढणाऱ्या मुलीच्या मुद्रेवर जो भाव उमटला, तो मी भर पंगतीत विष मागितले असते तरी याहून गंभीर झाला नसता.

पण जिने माझ्या अंतःकरणाला खरा लळा लावला आणि खरी जखमही केली, ती ज्वारी. आईने निघताना बॅगेत तवा घातला होता. ‘तिकडं ज्वारी मिळती का बघ,’ ही तिची पहिली आज्ञा, आणि अडीच तासांच्या घड्याळी अंतरावरून रोज रात्री होणाऱ्या फोनवरचा तिचा पहिला प्रश्नही तोच. ज्वारी मिळते. उत्तर चीनमध्ये ती पूर्वापार पिकते, गाओल्यांग असे तिचे नाव. आगगाडीच्या खिडकीतून तांबूस कणसांनी वाकलेले ते शेत प्रथम दिसले, तेव्हा शेजारच्या प्रवाशाला हाताने धरून ‘आमची, आमची’ असे मी मराठीत सांगितले, आणि त्यानेही ते समजल्यासारखी मान डोलावली. मग त्याने अंगठा ओठांकडे नेऊन पिण्याची खूण केली. एके काळी गरिबाच्या ताटात असलेले हे धान्य आता तिकडे बहुतांशी दारूच्या भट्टीत जाते. ज्या मौताई मद्याच्या पेल्यांनी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी १९७२ साली अमेरिकेच्या निक्सनसाहेबांचा पाहुणचार केला, ते मद्यही ज्वारीचेच. अमेरिकेच्या अध्यक्षाने ज्वारी प्राशन करावी, आणि येरमाळ्याच्या मास्तराला चतकोर भाकरी मिळू नये, हा आंतरराष्ट्रीय राजकारणातला अन्याय मी आईला सविस्तर समजावून सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘पीत जाऊ नको बाबा.’

अन्नाच्या बाबतीत आणखी एकच. हपै प्रांताची ख्याती एका विशेष पदार्थासाठी आहे: भाजलेल्या खुसखुशीत पावात भरलेले गाढवाचे मांस. विद्यार्थ्यांनी मोठ्या प्रेमाने मला त्या दुकानी नेले. आमच्या घरी माळ असल्याने मांसाचा प्रश्नच नव्हता. पण माळ नसती तरीही, ज्या प्राण्याच्या नावाने आमच्या गुरुजींनी आम्हाला सातवीपर्यंत नेमाने हाक मारली, तो खाणे हे मला स्वजनभक्षणाच्या फार जवळचे वाटले असते. मी काकडी-लसणीची कोशिंबीर खाल्ली, आणि ‘लाओशी, म्हणजे मास्तर, फार काटकसरी आहेत’ अशी वर्गात वदंता उठली.

मुले गुणी. पण परीक्षेने पिचलेली. ७ जूनला तिकडे विद्यापीठ-प्रवेशाची महापरीक्षा सुरू होते. ७५० गुणांच्या त्या यज्ञासाठी केंद्राभोवतालच्या रस्त्यांवर भोंगे बंद करतात, आणि आया लेकराला यश यावे म्हणून तांबडा झगा घालून फाटकाबाहेर तिष्ठत राहतात. याच प्रांतातल्या हंगश्वे गावची शाळा या परीक्षेच्या तयारीसाठी देशभर गाजलेली आहे, आणि तिची दिनचर्या विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकताना, बारावीच्या नावाने लातूरला खोली करून राहणारी आमच्याकडची पोरे माझ्या डोळ्यांपुढे एकामागून एक उभी राहिली. माझ्या खिडकीसमोरच्या शाळेत रोज ठरल्या वेळी ध्वनिवर्धकावर संगीत लागे आणि शेकडो मुले डोळे मिटून, बोटांनी भुवया व गाल चोळीत, नेत्रांचा व्यायाम करीत. गेली साठ वर्षे हा परिपाठ चालू आहे, आणि तरीही, मी मोजण्याचे सोडून दिले इतक्या नाकांवर मला चष्मे दिसत.

याच मुलांना मी येरमाळ्याच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेचे वर्णन केले. लाखो लोक जमतात, येडाईची, म्हणजे येडेश्वरीची, पालखी डोंगरावरून खाली येते आणि रानात पसरलेले चुनखडीचे खडे भाविक वेचतात, असे सांगून मी थांबलो. वर्ग क्षणभर स्तब्ध होता. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर करून विचारले की, प्रत्येक माणसाने किती खडे वेचायचे याचा काही आकडा ठरवून दिलेला असतो का, आणि अधिक वेचणाऱ्याला गुण मिळतात का? तेरखेड्याचा किस्साही असाच फसला. शोभेच्या दारूचा शोध आपल्या पूर्वजांनी लावला, असे मुले अभिमानाने सांगत होती. माझ्या गावाशेजारी तेरखेड्यात घरोघर फटाके तयार होतात असे मी म्हणालो, तेव्हा अभिमान मावळून तिथे हेवा दिसू लागला, कारण धुराच्या कारणास्तव त्यांच्या शहरात फटाक्यांना बंदी होती.

एक नाव मात्र मी उच्चारले की, सगळी चौकशी बंद पडे. शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ साली जे पाच हिंदी डॉक्टर जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला गेले, त्यांत आमच्या भाषेचे दोघे होते, नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. डोंगरातल्या लष्करी छावणीत त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले, तिथल्याच वैद्यकीय शाळेत मास्तरकी केली, आणि तीही चिनी भाषेत. को छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या बाईंशी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. चीनमध्ये शिकवणाऱ्या मराठी माणसांत पहिला मान त्यांचा, आणि आम्ही बाकीचे केवळ हजेरीपटावरचे. मी ‘कोटणीसांच्या सोलापुराहून शंभरएक किलोमीटरवरचा’ असे मोडक्या चिनीत म्हटले की पहारेकरी ताठ उभा राही, भाजीवाली पैसे घेताना संकोचे, आणि वयस्कर मंडळी माझा हात दोन्ही हातांत घेत. त्या एका माणसाच्या पुण्याईवर मी किती कोथिंबीर फुकट खाल्ली, याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल. एप्रिलच्या आरंभी तिकडे पितरांच्या समाध्या झाडून फुले वाहण्याचा सण येतो. त्या दिवशी त्या समाधीपुढे शाळकरी मुलांची रांग होती, आणि मीही त्या रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढच्या मुलाने मागे वळून पाहिले, समाधीवरच्या चेहऱ्याशी माझा चेहरा ताडून पाहिला, आणि मी त्यांचा कोण लागतो, अशी चौकशी केली.

गावी परतलो तेव्हा टपरीपुढची समिती पूर्ण कोरममध्ये हजर होती. साप खातात का, भिंत पाहिली का, भाकरीचे काय केले, हे प्रश्न पटकन निकालात निघाले. मग पगार. मी युआनमध्ये आकडा सांगितला. समितीने तो हिरमुसून ऐकला. मग रुपयांत सांगितला. तेव्हा समितीने एकमेकांकडे पाहिले, आणि सर्वांत वडील तात्या म्हणाले, ‘मग चहाचं तूच दे.’

येरमाळ्याहून, कळंबहून किंवा आपल्या बाजूच्या कोणत्याही गावाहून जे तरुण शिक्षक तिकडे जाण्याच्या विचारात असतील, त्यांना एवढेच सांगणे: पदवीच्या दाखल्यावरचे शिक्कामोर्तब घरून निघण्याआधीच पुरे करून घ्या, पोहोचल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांत वर्दी द्या, तवा न्या आणि ज्वारीचे पीठही न्या, आणि पगाराचा आकडा चिनी भाषेत पाठ करून ठेवा, कारण तुमचे नाव विचारण्यापूर्वी तिथे तो विचारला जाईल.