मोबदला : एक स्टॉप

चौक गावात ‘कॉम्पेन्सेशन’ हा शब्द मोठ्याने उच्चारू नये. खालापूर तालुक्यात मोरबे धरण झालं, द्रुतगती मार्ग झाला, पनवेल-कर्जत रेल्वे झाली. मी एकदा टपरीवर चहा पिताना पुटपुटलो, “आज प्लस वन कॉम्पेन्सेशन द्यावं लागणार.” शेजारच्या काकांनी बशी खाली ठेवली. “गट नंबर काय?”

तर विषय फिल्म कॅमेऱ्याचा आहे. त्यातला मीटर म्हणजे जुना कारकून. समोर काहीही आणा, ते साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं करडं प्रकरण आहे असं धरूनच तो फाइल हलवतो. आषाढात इर्शाळगडावर ढग उतरला की तो दचकतो, शटर लवकर मिटवतो आणि धुकं ओल्या सिमेंटच्या रंगाचं होतं. अशा वेळी कॉम्पेन्सेशनची चकती +१ वर, म्हणजे एक स्टॉप जास्त, न्यावी. पांढऱ्याला जास्त उजेड द्यायचा, हे पटायला दोन रोल जातात.

म्हशीचं उलट. काळं दिसलं की मीटरला दया येते आणि तो म्हशीला राखाडी करून सोडतो. तिथे -१, चिखलात लोळून चकाकत नसेल तर -१½. मालक शेजारी उभा असेल तर यात हयगय नको. राखाडी म्हैस तो आपली म्हणणार नाही.

गडाच्या नेढ्यात मित्राला बसवून मागे आभाळ घेणाऱ्यांनी +२ द्यावं. चेहरा मिळेल, आभाळ जाईल. दोन्ही हवं असेल तर मित्राला नेढ्याबाहेर उन्हात बसवावं.

पेंटॅक्स के-१००० सारख्या कॅमेऱ्याला ही चकती नसतेच. तिथे सरळ खोटं बोलायचं : रोल १०० चा, सांगायचं ५०. झालं +१. कॅमेरा पुरावा मागत नाही.

काम झालं की चकती शून्यावर आणावी. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. मी एका रविवारी म्हशीसाठी हौसेने -२ केलं आणि गुरुवारी त्याच रोलवर भाचीचं बारसं काढलं. सगळं गणगोत शेतातल्या गाळातून उठून आल्यासारखं. म्हैस मात्र फार देखणी. आत्याने अजून अबोला धरलाय.

शेवटची पायरी स्टुडिओ. प्रिंट काढणारं यंत्र मीटरचंच भावंड, त्यालाही सगळं सरासरीत हवं. म्हणून निगेटिव्ह देतानाच बजावावं, “धुकं पांढरं ठेवा.” मी बजावलं नव्हतं. भर पावसात, गुडघाभर चिखलात उभं राहून दिलेला तो एक स्टॉप. पाकीट उघडलं तर आत सिमेंट.

“उजेड जरा जास्त पडला होता साहेब,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मी करेक्शन मारलंय. त्याचे वेगळे पैसे नाही लावले.”