ढोमीची उधारी

पावसाळ्याच्या तोंडाशी वसईच्या पाचूबंदरला समुद्र असून नसल्यासारखा होतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी ताडपत्री पांघरून आजाऱ्यासारख्या अंग चोरून पडलेल्या. बोंबलांच्या वलांडी रिकाम्या, जणू आता त्यांच्यावर ढगच वाळत घालायचे आहेत. आणि ओसरीओसरीवर डोलजाळ्यांचे कमरेएवढे ढीग सांधायला काढलेले. पैसा या दिवसांत ओहोटीच्या पाण्यासारखा वागतो. आहे म्हणून दिसतो, पण हात बुडवायचा तर पार चिखल तुडवत जावं लागतं. नेमका असा मुहूर्त साधून आमची ढोमी आजारी पडली.

ढोमी म्हणजे मांजर. चार पावसाळ्यांपूर्वी एका उपड्या होडीखाली मला सापडली, तेव्हा ती ढोमी माशाएवढीच होती आणि तशीच रुपेरी. घरी आणली मी, बोळ्यानं दूध पाजलं मी, पण तिचं घर कुठलं हे शिरगणतीवाल्यालाही सांगता आलं नसतं. सकाळ माझ्या पायरीवर, दुपार शेजारच्या मावशींच्या जवळ्याच्या डब्यावर, संध्याकाळ धक्क्यावर. एका घरी तिचं नाव मनी, दुसऱ्या घरी लिली, तिसऱ्या घरी नुसतंच 'मेली'. कुठल्याही नावानं हाक मारा, ती सारख्याच बेफिकिरीनं येत नसे.

त्या दिवशी तिनं बांगड्याच्या डोक्याकडे पाठ फिरवली आणि माझ्या काळजात चर्र झालं. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिचं तोंड उघडलं, तर जिभेच्या मुळाशी निळ्या नायलॉनचा एक वेढा. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. दोरा एकदा त्यांत अडकला की थुंकून टाकता येत नाही, गिळतच जावं लागतं. एक टोक जिभेखाली अडकून राहतं, दुसरं आतड्यात उतरतं, आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्याचुण्यांनी गोळा होत जातं. "परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यासारखं," बाई म्हणाल्या. "ही नाडी मात्र ओढायची नाही, आतडं कापलं जाईल. पोट उघडावं लागेल." उदाहरण इतकं घरगुती, म्हणून आकडाही घरगुती असेल असं मला वाटलं. तो 35,000 निघाला. मांजर मारलं तर काशीला जावं लागतं म्हणतात. वाचवायचं तर स्टेशनकडच्या दवाखान्यात जावं लागतं, आणि खर्च साधारण तेवढाच येतो.

हाताशी होते तेवढे भरून ऑपरेशनला हो म्हटलं, आणि उरलेल्या 22,000 रुपयांसाठी मुलीची अर्धी कोरी वही घेऊन गल्लीत निघालो. मांजरासाठी वर्गणी म्हटल्यावर लोक हसतील अशी तयारी ठेवली होती. कुणी हसलं नाही. प्रत्येकानं आधी हिशेब मांडला. मावशी म्हणाल्या, "दिवाळीपासून माझे अर्धा किलो सोडे खाल्लेत तिनं, ते लिही आधी." मी लिहिलं. मग त्यांनी पदराची गाठ सोडून 500 रुपये काढले. "आता हे लिही." एका पोरानं दहाची तीन नाणी दिली आणि ढोमी त्याचा एक बोंबील देणं लागते हे बजावून सांगितलं. बघता बघता वहीला दोन बाजू पडल्या, डावीकडे चोरी, उजवीकडे वर्गणी. डावी बाजू वाचत बसावी अशी होती. कुठल्या खिडकीतून आली, पापलेट सोडून मांदेलीच का उचलली, जाताना मागं वळून कशी बघितली. इतक्या जिव्हाळ्यानं लिहिलेला पंचनामा कुठल्याच चौकीत सापडायचा नाही. शेवटच्या घरची आजी तर रुसूनच बसली. "आमच्याकडं कधी काही चोरलं नाही तिनं," म्हणाली, आणि अपमान गिळून 100 रुपये दिले.

नोटा मोजताना मला बाई साकरबाई आठवल्या. मुंबईत परळला जनावरांचं इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून त्यांच्या नावानं उभं आहे; यजमान दिनशा पेटिट गिरण्यांचे मालक. त्यांच्या देणगीला कापसाचा वास असेल, आमच्या नोटांना जवळ्याचा होता. काउंटरवरच्या मुलीनं त्या दोन बोटांच्या चिमटीत धरल्या. पिंजऱ्यात ढोमी गुंगीतून अर्धवट बाहेर आलेली, पोटावर टाके, नजर शून्यात. नाक तेवढं आमच्या रोकडीच्या दिशेनं हललं. 1739 साली वसईचा किल्ला घ्यायला चिमाजी अप्पांना फेब्रुवारीपासून मेपर्यंत झुंजावं लागलं. आमची मोहीम तीन दिवसांत फत्ते झाली, वर 140 रुपये उरले.

वर्गणी न देणारे एकटे कोपऱ्यावरचे आजोबा. जाळ्यावरून मान न उचलता म्हणाले होते, "मांजर ते. जगायचं तर जगंल." पोटातून निघालेला दीड हात दोरा डॉक्टरबाईंनी बाटलीत घालून दिला होता, तो मी गल्लीभर मिरवत फिरलो. आजोबांनी बाटली मागून घेतली. उजेडाकडे धरून बराच वेळ फिरवत राहिले. दोऱ्याच्या टोकाला एक गाठ होती. "माझी गाठ," एवढंच म्हणाले आणि बाटली परत दिली.

नारळी पुनव झाली, बोटी पाण्यात गेल्या. आजोबा अजून जाळी सांधतात. पण आता कापलेला प्रत्येक तुकडा बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जातो. दर तुकड्याला झाकण उघडायचं, दर तुकड्याला घट्ट लावायचं. काम निम्म्यावर आलंय म्हणून सून कुरकुरते. त्यातून मधेच हातात तुकडा धरून त्यांना नुसतं बसून राहावं लागतं, कारण झाकणावर ढोमी झोपलेली असते, आणि तिला उठवणं त्यांच्या जिवावर येतं.