रिटर्न मारणारी मोटार

पहाटे सव्वापाच. सीएनजीच्या रांगेत माझा नंबर एकोणिसावा. शेजारी रिक्षांची वेगळी ओळ, ती वळसा घेऊन पानाच्या टपरीपर्यंत गेलेली. माझ्या पुढच्या वॅगनआरचा मालक सीट आडवी करून घोरत होता. रांग सरकली की कुणीतरी हॉर्न द्यायचं, हा डोळे न उघडता हँडब्रेक सोडायचा, गाडी उतारावर आपोआप चार फूट जायची आणि हा पुन्हा ब्रेक ओढायचा. इंधनाशिवाय वाहतूक म्हणतात ती हीच. तिच्यासाठी मात्र अजून कुणी राष्ट्रीय अभियान काढलेलं नाही.

मी मोबाइलवर चौथ्या मजल्यावरच्या नानांनी पाठवलेला व्हिडिओ बघत होतो. हायड्रोजनवर चालणारी मोटार. धूर नाही, घरघर नाही, मागच्या नळीतून नुसतं पाणी. शेजारचा रिक्षावाला खिडकीत वाकला.

"पाणी सोडते?"

"हो."

"प्यायचं?"

"शुद्ध असतं म्हणतात."

त्याने जरा विचार केला. "मग पंपावर कशाला ठेवता, आमच्या चाळीत आणून लावा की. तिकडं दिवसाआड येतं."

कल्याण-डोंबिवलीत कुठलंही नवं यंत्र आलं की पहिला प्रश्न पाण्याचा, दुसरा पार्किंगचा. म्हणून आधी पाण्याचाच हिशेब करून टाकला. एक किलो हायड्रोजन वापरला की नऊ लिटर पाणी तयार होतं आणि तेवढ्यात मोटार साधारण शंभर किलोमीटर जाते. शिळफाट्यावरून ठाण्याला जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर धरले तर साडेचार लिटर. कळशीभरसुद्धा नाही. शिवाय तो एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायचा तर तिकडे नऊ लिटर आधीच खर्ची पडलेलं असतं, ते शुद्ध करताना गेलेलं वेगळं. थोडक्यात हाही टँकरच, वाटेत सांडत येणारा. आमच्या गल्लीला टँकरचा तेवढाच अनुभव आहे, त्यामुळे धक्का बसला नाही.

गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेत हा विषय असा निघाला. आमच्याकडे पार्किंगमध्ये एक्केचाळीस गाड्या आहेत आणि त्यातल्या दोन विजेवरच्या. या दोन गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट लावायचा की नाही यावर दोन वर्षं सभा चालू आहेत. मीटर कुणाच्या नावावर, वायर कुणाच्या खांबाजवळून, आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी पैसे का द्यायचे. यंदा ठराव होणार असं वाटत असतानाच नाना उठले. नाना रेल्वेतून रिटायर झालेले, त्यामुळे चाकं असलेल्या सगळ्या विषयांवर त्यांचा अधिकार. म्हणाले, "आता विजेच्या मागे कशाला लागायचं? हायड्रोजन येतोय. मंत्री स्वतः त्या गाडीतून संसदेत गेले."

हे खरं आहे. ३० मार्च २०२२ रोजी नितीन गडकरी टोयोटाच्या 'मिराई' गाडीतून संसदेत पोचले. मिराई या जपानी शब्दाचा अर्थ भविष्य. भविष्यात बसायला जागा मोजक्याच असतात, हा काही गडकरींचा दोष नाही. बाकीचे आपण वर्तमानात, एकोणिसाव्या नंबरवर.

पण 'येतोय' या क्रियापदाबद्दल मला नानांशी थोडं बोलायचं होतं. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट फ्रान्स्वा इझाक द रिव्हाझ या गृहस्थाने घेतलं ते १८०७ साली. ठाण्याला पहिली आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे हायड्रोजनची मोटार सेहेचाळीस वर्षं आधी निघाली आणि आगगाडी मागून येऊन पुढे गेली. आणि वाफ सोडत येणाऱ्या गाडीचं कौतुक ठाणेकरांनी तेव्हाच करून घेतलेलं आहे.

सेक्रेटरींना तंत्रात रस होता. त्यांनी विचारलं, "आपल्या गाड्यांची हायड्रो टेस्ट झालेली असते ना? मग हायड्रोजन चालेल." सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी जी हायड्रो टेस्ट होते ती टाकीत पाणी भरून दाब देण्याची, तिचा हायड्रोजनशी संबंध नावापुरताच, असं मी सांगितलं. ते जरा खट्टू झाले.

दाबावरून आठवलं. सीएनजी भरतात तो २०० बार दाबाने. भरताना सगळ्यांना खाली उतरवतात. आजी मांडीवरची पिशवी सांभाळत रस्त्याकडेला उभ्या, नातू त्यांच्या हाताला, आणि पोरगा नळी लावताना तोंड दुसरीकडे फिरवतो. मोटारीतला हायड्रोजन भरायचा तो ७०० बारने. आम्ही जातो त्या पंपावर दुपारनंतर २०० चंही प्रेशर येत नाही, पोरगा मान हलवून 'स्लो आहे' म्हणतो आणि अर्धी टाकी घेऊन आम्ही घरी येतो. आणि ही तर जुनी, मुरलेली व्यवस्था. २०२५ च्या नोव्हेंबरात चेंबूरकडे एका मुख्य वाहिनीला इजा झाली तर मुंबई-ठाण्यातले कितीतरी पंप बंद पडले, रिक्षा घरी बसल्या. पाइप, पंप, नळी, पोरगा, सगळं असताना ही गत. हायड्रोजनला यातलं काहीच नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत तुम्हा-आम्हाला जाऊन भरता येईल असा एक पंप दाखवा.

मग तळमजल्यावरच्या मॅडमनी, त्या केमिस्ट्री शिकवायच्या, विचारलं की हा हायड्रोजन कुठल्या रंगाचा? सभेला वाटलं त्या चेष्टा करताहेत. पण या बिनरंगी वायूला रंग लावायची पद्धत आहे. नैसर्गिक वायूपासून काढला आणि धूर हवेत सोडला तर तो ग्रे. जगात निघतो त्यातला बहुतेक असाच जीवाश्म इंधनातून येतो. कार्बन पकडून पुरला तर ब्लू. सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून काढला तर ग्रीन. अणुविजेने काढला तर पिंक.

रंगांच्या बाबतीत मात्र डोंबिवलीला कुणी शिकवायला जाऊ नये. जानेवारी २०१४ मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडून गेलेला आहे आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. मुख्यमंत्री बघायला आले होते. ग्रीन आणि पिंक दोन्ही आम्ही अनुदान न घेता करून दाखवलं.

इथे सभेतली हसाहस थांबली, कारण खिडकीजवळ बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "आणि टाकी फुटली तर?" २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४. एमआयडीसीतल्या या दोन स्फोटांत माणसं गेली, आणि आमच्या इमारतीच्या जिन्यातली एक काच अजून पुठ्ठ्याची आहे. ७०० बार म्हटल्यावर इथला माणूस विनोद ऐकत नाही, काचेकडे बघतो. न्यायाने सांगायचं तर मोटारीतल्या त्या टाक्या कार्बन फायबरच्या, भलत्या दणकट असतात, आणि हायड्रोजन इतका हलका की सुटला तर वर पळतो. अडचण वेगळी आहे. त्याला वास नाही, आणि त्याची ज्योत भरदिवसा जवळजवळ दिसत नाही. घरच्या गॅसला मुद्दाम वास लावतात. इथे तो लावला तर मोटारीतला फ्युएल सेल खराब होतो. रात्री अकरा वाजता एमआयडीसीतून काय सोडलंय हे नाकावर ओळखणाऱ्या गावाला हे बिनवासाचं इंधन कसं मानवायचं?

तरीही, इथपर्यंत नानांचं काही चुकलं असं मी म्हणत नव्हतो. पंप होतील, टाक्या येतील. पेच पुढेच आहे, आणि तो मी मेंटेनन्सच्या बिलाच्या मागे आकडे मांडून सभेला दाखवला. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला विजेची पन्नास ते पंचावन्न युनिटं लागतात. मग तो दाबायला वीज, वाहून न्यायला आणखी काही. मोटारीत गेल्यावर त्याचं काय होतं? पुन्हा वीज! हायड्रोजनची ही मोटार आतून विजेचीच मोटार; तिच्या फ्युएल सेलमध्ये हायड्रोजनची परत वीज होते, निम्मी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेल्या विजेवर चाकं फिरतात. पंचावन्न युनिटांत शंभर किलोमीटर. तीच पंचावन्न युनिटं सरळ बॅटरीत भरली तर खाली उभ्या असलेल्या त्या दोन गाड्यांपैकी कुठलीही तीनशे किलोमीटर सहज जाईल.

सभेच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग म्हटलं, "अहो, हे रिटर्न मारणं आहे."

लगेच उमटलं. बाहेरच्यांसाठी सांगतो. सकाळी आठला डोंबिवलीहून मुंबईची गाडी पकडली तर बसायला सोडाच, दोन्ही पाय टेकायला जागा नसते. म्हणून शहाणा माणूस आधी उलट दिशेने कल्याणला जातो, तिथे रिकाम्या डब्यात शिरून खिडकी धरतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपल्याच स्टेशनावरून बसून पुढे जातो. फलाटावर लटकू पाहणाऱ्या शेजाऱ्यांना तो आतून ओळख दाखवत नाही. वीज हाताशी असताना ती पाण्यात घालायची, वायू करायचा, दाबायचा, टँकरने फिरवायचा आणि शेवटी तिची वीजच करायची, हे कल्याणला जाऊन डोंबिवलीवरूनच पुढे जाणं झालं.

नाना भडकले. "रिटर्न मारण्यात वाईट काय? मी तेहतीस वर्षं मारलं. व्हीटीपर्यंत उभं कोण जाणार?"

आणि नाना अगदी बरोबर बोलत होते. रिटर्नमध्ये वेळ जातो, पण सीट मिळते. हायड्रोजनचीही सीट आहे: पाचेक मिनिटांत टाकी भरते आणि एका भरण्यात मिराई साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास जाते असं कंपनी सांगते. लांबचा माल ओढणाऱ्या ट्रकला तासन्‌तास चार्जिंगला उभं राहणं परवडत नाही, त्याने मारावं रिटर्न. सरकारलाही हे कळतं. जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर झालं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवून. जुलैत महाराष्ट्राने ८,५६२ कोटींचं धोरण आणलं. मग २०२५ च्या मार्चमध्ये रस्त्यावरच्या चाचणीसाठी देशभरात वाहनं ठरली ३७, आणि त्यांना पंप ९. सदतीस! आमच्या पार्किंगपेक्षा चार कमी. आणि या सदतिसात सगळे ट्रक आणि बस, घरगुती मोटार एकही नाही. मार्गांमध्ये पुणे-मुंबई आहे. कल्याण नेहमीप्रमाणे बाजूला. (पुण्याने ऑक्टोबर २०२० मध्येच केपीआयटी आणि एनसीएल यांच्या फ्युएल सेलवरची मोटार चालवून बघितली, ऑगस्ट २०२२ मध्ये बसही काढली. हे पुणेकर तुम्हाला सांगतीलच, मी आधी सांगून त्यांचा आनंद घालवला.) तिकडे कॅलिफोर्नियात तर शेल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप कायमचे बंद करून टाकले. गाड्या विकत घेतलेले लोक तिथे सध्या रिटर्नला गेलेत आणि परतीची गाडी रद्द झाली आहे.

मी नानांना विचारलं, "व्हीटीसाठी ठीक. पण दिव्याला जायचं असतं तेव्हा कल्याणला जाऊन बसायचात का?"

"दिव्याला? वेड लागलंय का? दिव्याला उभ्यानेच जातात."

"आपल्या मोटारी दिव्याच्या पुढे कधी जातात?"

नानांची स्वतःची मोटार रविवारी निघते, काटई नाक्याच्या दिशेने जाते, पलावापाशी उभी राहते, तासाभराने मूड जाऊन परत येते. तिला साडेसहाशे किलोमीटरचा पल्ला दिला तर ती तो पलावापाशीच उभ्या उभ्या घालवेल. नाना गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो.

सेक्रेटरींनी इतिवृत्त लिहायला घेतलं आणि मोठ्याने वाचलं: "हायड्रोजन इंधनाची एकूण परिस्थिती स्पष्ट होईपर्यंत चार्जिंग पॉइंटचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात येत आहे." सूचक नाना. अनुमोदक म्हणून माझं नाव घातलं होतं, कारण या विषयावर सगळ्यात जास्त मीच बोललो होतो.

...रिक्षावाल्याने हॉर्न दिला. पावणेसात. माझ्यापुढे आता दोनच गाड्या. पंपावरच्या पोराने नळी हुकाला अडकवली, दोन खांबांमध्ये साखळी ओढली आणि आमच्याकडे बघून पंजा खालीवर हलवला. प्रेशर गेलं होतं.

पुढच्या वॅगनआरवाल्याला कुणी उठवलं नाही.