विक्रमी शिबिराबद्दल भाऊंचे अभिनंदन

प्रति,
कार्यसम्राट माननीय भाऊ,
जनसंपर्क कार्यालय, बसस्टॉपच्या मागे, फ्लेक्सच्या खाली.

विषय : महामारीतील ‘विक्रमी’ रक्तदान शिबिराबद्दल अभिनंदन आणि कार्यअहवालासाठी थोडी पुरवणी.

माननीय भाऊंना साष्टांग नमस्कार. भाऊ म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे. राज्यात जिथे चौक आहे तिथे भाऊ आहेत. कुठे दादा, कुठे साहेब, कुठे अप्पा. ज्यांना पत्र आपल्यालाच आहे असे वाटेल, त्यांनी ते ठेवून घ्यावे.

भाऊंचा नवा कार्यअहवाल घरोघर पोचला. गुळगुळीत कागद, सगळी पाने रंगीत. चौथ्या पानावर करोनाकाळातले रक्तदान शिबिर आहे. फोटोत मधोमध भाऊ, मास्क हनुवटीवर. दोन्ही बाजूंना कार्यकर्त्यांची फळी, तीही एकाच कॉटभोवती. कॉटवर कोणीतरी आडवे झालेले असावे, कारण गर्दीतून एक पाऊल बाहेर आलेले दिसते. खाली ओळ छापली आहे : ‘सुरक्षित अंतराचे काटेकोर पालन करून संपन्न’.

तरी भाऊंचे श्रेय भाऊंना दिलेच पाहिजे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि रक्तपेढ्यांचे हुकमी दाते एकदम दिसेनासे झाले. कॉलेजे बंद, आयटीवाले घरून कामाला, स्टेशनांवरची शिबिरे ठप्प. सुरुवातीला ठरवून करायच्या शस्त्रक्रियाही पुढे ढकलल्या गेल्या, त्यामुळे कसेबसे निभावले. पुढे शस्त्रक्रिया सुरू झाल्या, दाते मात्र परतले नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात जेमतेम काही दिवस पुरेल इतकाच साठा असल्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना जाहीरपणे सांगावे लागले. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. ती गरज काही टाळेबंदीसाठी थांबणार नव्हती. अशा दिवसांत माणसे घराबाहेर काढणे भाऊंनाच जमले.

फक्त घाबरायचे कशाला, यात भाऊंची थोडी गल्लत झाली.

भाऊंनी मंडपाच्या दारात निर्जंतुकीकरणाचा बोगदा उभारला. येणाऱ्या प्रत्येक दात्यावर फवारा. माणसांवर असे रसायन फवारू नये, त्याने अपायच होतो, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच बजावले होते. पण बोगद्याच्या कमानीवर भाऊंचा फोटो फार छान बसत होता. मग सुईची धास्ती. ती कोरी आहे ना, हे भाऊंनी टेक्निशियनला माइकवरून विचारले. वास्तविक रक्त घेताना सुई आणि पिशवी निर्जंतुक असते आणि एकदाच वापरतात. हा विषाणू श्वासावाटे पसरतो. रक्त चढवल्यामुळे करोना झाला असे एकही प्रकरण सिद्ध झालेले नाही. शिबिरातली सगळ्यात सुरक्षित जागा कॉटच होती. धोका होता तो बाहेरच्या रांगेत, तिन्ही बाजूंनी कापड लावलेल्या मंडपात आणि सर्वांत जास्त चहा-बिस्किटांच्या टेबलापाशी, कारण तिथे झाडून सगळे मास्क काढतात. नेमके त्याच टेबलाला लागून भाऊंनी सत्काराचे व्यासपीठ घातले. आधी चहा, मग शाल, मग फोटो, मग भाषण. रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटे बसून राहा असे डॉक्टर सांगतात. भाऊंच्या भाषणाने ती सोय आपोआप झाली, एवढे मान्य करावे लागेल.

आता भेटवस्तूंकडे वळू. या बाबतीत भाऊ एकटे नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत प्रभादेवीच्या एका नगरसेवकाने रक्तदात्याला एक किलो चिकन देऊ केले होते, शाकाहारी असल्यास पनीर. देशभर बातमी झाली, हसूही झाले. भाऊंनी मिक्सर दिला, म्हणजे दर्जा वाढवला. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद झाली. मोबदला रोख असो वा वस्तूंत, कायद्याला तो चालत नाही. एखादे प्रमाणपत्र, बिल्ला, फार तर पेन, इथपर्यंत ठीक.

हा नियम नुसत्या नीतीसाठी नाही. रक्ताची सुरक्षितता चाचण्यांवर अवलंबून असते तितकीच दात्याने फॉर्मवर दिलेल्या खऱ्या उत्तरांवर. पिशवीची तपासणी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग व मलेरियासाठी होते. काल रात्री अंगात कणकण होती का, हे पिशवी सांगत नाही. महामारीत राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने सांगितले होते की करोनातून बरे झालेल्याने किंवा रुग्णाच्या संपर्कात आलेल्याने २८ दिवस थांबावे. फॉर्मवरचे प्रश्न त्यासाठी. समोर मिक्सर दिसत असताना कोणाला खोकला आठवणार? घरातला आजारी मेहुणा एका क्षणात गावी जातो.

निष्ठेचाही असाच प्रश्न आहे. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर लागते. भाऊंचा वाढदिवस आणि दादांचा वाढदिवस यांत मात्र सहाच आठवडे आहेत. दोन्ही फ्लेक्सवर तीच पोरे होती. कमीत कमी ४५ किलो वजन आणि १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन हवे, म्हणून ज्या बायकांना रक्तपेढीच्या डॉक्टरांनी परत पाठवले, त्यांना भाऊंनी ‘सोडा हो, एवढी लांबून आलीय’ म्हणून पुन्हा आत आणले. डॉक्टर बधले नाहीत. कार्यअहवालात त्यांचे नाव नाही.

लसीच्या वेळी भाऊंची जी धांदल उडाली, तिच्यात त्यांचा दोष नव्हता. मार्च २०२१ मध्ये आदेश निघाला की शेवटच्या डोसनंतर २८ दिवस रक्त देता येणार नाही. १ मेपासून १८ ते ४४ वयाला लस खुली होणार, म्हणजे दात्यांची सगळी तरुण फळी एकदम बाद. ‘आधी रक्तदान, मग लस’ ही मोहीम तेव्हा राज्यात ठिकठिकाणी निघाली आणि ती अगदी रास्त होती. मे महिन्यातच ही मुदत प्रत्येक डोसनंतर १४ दिवसांवर आणली गेली. भाऊंच्या कार्यालयाबाहेरचा फलक मात्र पावसाळाभर २८ च दिवस सांगत राहिला.

करोनातून बरे झालेल्यांकडून रुग्णांसाठी घेतल्या जाणाऱ्या प्लाझ्माचेही तसेच. जून २०२० च्या अखेरीस राज्याने ‘प्लॅटिना’ नावाचा मोठा प्रकल्प सुरू केला आणि प्लाझ्मादात्याला वऱ्हाडातल्या जावयासारखा मान आला. पुढे आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्लाझ्माने आजार बळावणे किंवा मृत्यू कमी होत नाहीत असे दिसले. मे २०२१ मध्ये तो उपचारांच्या यादीतून गेला. साधे रक्त देणाऱ्याला तोवर असा मान कोणी दिला नव्हता.

शिबिरे नीटही झाली, अगदी गणपतीतसुद्धा. २०२० मध्ये लालबागचा राजा मंडळाने मूर्तीच बसवली नाही. त्याऐवजी अकरा दिवसांचा आरोग्योत्सव करून रक्त आणि प्लाझ्मा गोळा केला. एवढ्या मोठ्या मंडळाने गर्दीवर पाणी सोडले. भाऊंच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये तर फारच नीरस शिबिरे झाली. व्हॉट्सअॅपवर प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली, कॉट लांब लांब, चहाऐवजी ज्यूसचे खोके आणि तेही अंतर ठेवून मांडलेल्या खुर्च्यांवर. जाताना हातात रक्तपेढीचा फोन नंबर : पुढच्या काही दिवसांत ताप आला तर कळवा, म्हणजे पिशवी बाजूला काढता येईल. दिवसअखेर तीस-चाळीस पिशव्या. फोटो काढण्यासारखे काहीच नाही.

भाऊंचा आकडा चारशेच्या वर आहे, तोही एका दिवसात. इथे रक्ताचा स्वभाव थोडा आडवा येतो. तांबड्या पेशी शीतपेटीत ३५ दिवस टिकतात, विशिष्ट द्रावणात ४२. प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. वाढदिवसाच्या आठवड्यात दहा भाऊंची दहा शिबिरे झाली की रक्तपेढीला जागा पुरत नाही, आणि दीड महिन्याने त्याच रक्तपेढीतून नातेवाइकांना ‘दाता घेऊन या’ असे सांगितले जाते. महामारीत तर चारशे माणसे एका मंडपात आणणे हे दुहेरी नुकसान : गर्दीचा धोका आज, टंचाई पुढच्या महिन्यात. तेच चारशे दाते चाळीस-चाळीसच्या दहा शिबिरांत, दहा आठवड्यांत वाटले असते तर दोन्ही टळले असते. पण मग फ्लेक्सही दहा लागले असते, आणि विक्रम एकही झाला नसता.

तरीही भाऊंना काही सुचवायचेच असेल तर ते तारखेबाबत. राज्यात दर वर्षी एप्रिल-मेमध्ये रक्ताची चणचण होते : कॉलेजांना सुट्ट्या, शहरे गावी गेलेली, ऊन मी म्हणते. त्या दिवसांत भाऊंचा वाढदिवस येत नाही, याची पूर्ण कल्पना आहे. पण वहिनी, चिरंजीव, दोन पुतणे आणि बाजार समितीवरचे मेहुणे मिळून घरात एखादा मेमधला वाढदिवस निघायला हरकत नाही. निघाल्यास भाऊंनी मंडपवाल्याआधी रक्तपेढीला फोन करावा आणि किती पिशव्या हव्यात ते विचारावे. चाळीस म्हणाले तर चाळीसच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्रभागातला एक ओ पॉझिटिव्ह

ता. क. : मिक्सरचे झाकण घट्ट बसत नाही. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का राहिला आहे.