नऊ बार

सकाळी पावणेसहाला फोन वाजला की आमच्या घरात दोनच शंका येतात. एक तर कुणीतरी गेलं, नाहीतर साडूभाऊ. त्या दिवशी साडूभाऊ होते.

"नऊ बार म्हणजे किती, सांगा बरं."

मी अर्धवट झोपेत होतो. आमच्या गल्लीत दोन आहेत आणि पुढे हमरस्त्यावर एक, एवढं सांगून मी मोकळा झालो.

"अहो, दाब! नऊ बार म्हणजे ढोबळमानाने नव्वद मीटर पाण्याचा स्तंभ. कोयनेची भिंत १०३ मीटर. म्हणजे भरलेल्या कोयनेच्या तळाशी जो दाब, त्याच्या जरासा अलीकडे. आणि तो द्यायचा कशावर? अठरा ग्रॅम कॉफीवर! ओट्यावर! आता बोला."

बोलण्यासारखं काही नव्हतंच. साडूभाऊंना घरी एस्प्रेसोचं मशीन घ्यायचं होतं, एवढं मला कळलं. याला पुढच्या आषाढात तीन वर्षं होतील.

साडूभाऊ पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. खात्याचं नाव मध्येच कधीतरी जलसंपदा झालं, पण ते त्यांनी मनावर घेतलं नाही. चौतीस वर्षं पाणी, दाब आणि कागद या तीन गोष्टींत गेली. या काळात ते चहा प्यायचे. साइटवरचा, पातेल्यात दिवसभर उकळत असलेला, चमचा उभा राहील असा. कॉफी हा पदार्थ ताप आलेल्या माणसासाठी असतो असं त्यांचं मत होतं.

मग मुलगा शिकायला मिलानला गेला आणि साडूभाऊ आणि ताई, म्हणजे त्यांची बायको, असे दोघं बारा दिवस त्याच्याकडे जाऊन आले. तिथलं भलंमोठं कॅथेड्रल साडूभाऊंनी बाहेरून पाहिलं. आतून पाहिला तो कोपऱ्यावरचा बार. इटलीत कॉफीच्या दुकानाला बार म्हणतात. उभ्याउभ्या दोन घोटांची काळी कॉफी प्यायची, पैसे ठेवायचे आणि कामाला लागायचं. परत आल्यावर हे सगळं त्यांनी माईंना, म्हणजे त्यांच्या आईला, मोठ्या उत्साहाने सांगितलं. "रोज सकाळी सातला बारमध्ये जायचो गं. दोन घ्यायचो. उभ्यानंच." माईंनी जपमाळ बाजूला ठेवली. "जन्म कंत्राटदारांत काढलास, तेव्हा कधी शिवला नाहीस," एवढंच त्या म्हणाल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.

खरेदी म्हणजे साडूभाऊंच्या लेखी प्रकल्प. आधी सर्वेक्षण, मग अंदाजपत्रक, मग तुलनात्मक तक्ता. तक्त्याला एकतीस रकाने आहेत. तो मोठ्या कागदावर आडवा छापून त्यांनी फ्रिजच्या दाराला लावला आहे आणि त्यामुळे फ्रिज उघडताना इटली मधोमध दुमडते. गॅजिया क्लासिक आहे, रॅन्चिलिओची सिल्व्हिया आहे, जेमतेम १५ सेंटिमीटर रुंदीची डेलॉन्गीची डेडिका आहे. एक मशीन तीन सेकंदांत तापतं असं कंपनी म्हणते. "इतक्या लवकर तापणाऱ्यांबरोबर मी नोकरी केलीये," असा शेरा त्या रकान्यात आहे.

तक्त्यातला मुख्य वाद बॉयलरचा. कॉफीला पाणी हवं ९३ अंशांच्या आसपास आणि दुधाला फेस आणायला हवी सणसणीत वाफ. एकच बॉयलर असेल तर कॉफी काढून झाल्यावर तो वाफेसाठी तापेपर्यंत थांबायचं. "म्हणजे एकाच कालव्यातून पिण्याचं आणि शेतीचं आवर्तन," साडूभाऊ म्हणतात, "मारामाऱ्या ठरलेल्या." दुसऱ्या जातीत वाफेच्या टाकीतूनच कॉफीच्या पाण्याची नळी फिरवलेली असते. तिसऱ्या जातीत सरळ दोन बॉयलर. मी म्हटलं, "तुम्ही तर बिनदुधाची पिणार. वाफ कशाला?" त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती बहुधा ते सांडव्याशिवाय धरण बांधा म्हणणाऱ्या आमदारासाठी राखून ठेवत असावेत.

एकेका रकान्याबरोबर अंदाजपत्रक वाढत गेलं. पंधरा हजारांना ताईंनी होकार दिला होता. त्याचे पंचेचाळीस झाले तेव्हा साडूभाऊंनी रीतसर टिपण लिहून सुधारित प्रशासकीय मान्यता मागितली. एक लाख वीस हजारांची दुसरी 'सुप्रमा' सध्या ताईंच्या टेबलावर प्रलंबित आहे. ताईंचं टेबल म्हणजे पोळपाट.

मला बरेच दिवस वाटायचं की हा माणूस चिकट आहे. तसं नाही. चौतीस वर्षं त्यांनी पंप घेतले, झडपा घेतल्या, दरवाजे घेतले आणि त्यातला एकही स्वतःच्या पसंतीने घेतला नाही. नियम एकच, सर्वांत कमी दराची निविदा. चांगला पंप कुठला हे त्यांना कळायचं, त्यावर ते टिपण लिहायचे आणि मग स्वस्तातला यायचा. आता साठी उलटल्यावर पहिल्यांदाच कुणी म्हणालं आहे की, तुला आवडेल तो घे. माणूस घाबरणार नाही तर काय! ताईंसमोर हे बोललो तर त्या म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा अर्ध्या तासात हो म्हणाले होते." मग थोडा विचार करून, "एकच निविदा आली असेल."

दाबाच्या बाबतीत मात्र साडूभाऊंना कुणी फसवू शकत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१५ बार' लिहिलेलं दिसलं की ते खूश होतात, कारण त्यांना बोलायला मिळतं. तो आकडा पंप जास्तीत जास्त किती रेटू शकतो त्याचा. एस्प्रेसोला हवे असतात नऊ. वरचा दाब सोडून द्यायला आत झडप लागते. "सांडवा हो! सांडवा आहे का विचारा दुकानदाराला. नसेल तर पंधरा काय नि पन्नास काय, फुसका बार."

झडपेवरून ते कॉफीच्या चकतीवर येतात. अठरा ग्रॅम पूड, पंचवीस ते तीस सेकंद, छत्तीस ग्रॅम कॉफी. हे झालं आवर्तन. पूड सैल राहिली किंवा एका बाजूला उतरती झाली की पाणी तिथून वाट काढतं आणि बाकीची पूड कोरडीच राहते. हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. मातीच्या भरावात पाण्याला बोटभर वाट मिळाली की पुढे काय होतं, ते पुण्यातल्या पाटबंधाऱ्याच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून दबाई महत्त्वाची. पूड पंधरा किलोच्या जोराने दाबावी असा एक जुना संकेत आहे. साडूभाऊंनी ५८ मिलिमीटरचा दाबायचा ठोकळा मागवला, माणसांचं वजन करायचा काटा ओट्यावर ठेवला आणि त्यावर ठोकळा टेकवून रोज सकाळी पंधरा किलोचा सराव सुरू केला. ज्या काट्यावर सगळं घर पाय ठेवतं तो काटा ओट्यावर, म्हणजे पिठाच्या डब्याशेजारी! माईंनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. काटा परत न्हाणीघराशी गेला आणि साडूभाऊ आता तिथेच, उकिडवे बसून, दबाई करतात.

पाण्याचं प्रकरण वेगळंच. त्यांची सोसायटी बाणेरच्या पुढे आहे आणि तिथे वर्षातले बरेच दिवस टँकर येतो. ते पाणी जड. बॉयलरमध्ये पांढरा थर धरायचा. मग आरओचं वापरावं तर त्यातले क्षार इतके गेलेले असतात की कॉफी फिकी लागते, आणि मोठ्या मशिनांत टाकी भरली की नाही हे ओळखणाऱ्या कांडीला तसलं पाणी 'दिसत'च नाही. यावर साडूभाऊंनी टँकरचं आणि आरओचं पाणी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून सात बाटल्या भरल्या, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि मला चव घ्यायला बोलावलं. मी चौथी चांगली म्हणालो. ती मोलकरणीने झाडांसाठी भरून ठेवलेली निघाली.

इतिहासही झाला. १८८४ साली तुरिनच्या मोरिऑन्दोने पेटंट घेतलं, १९०१ साली मिलानच्या बेझेराने. त्या काळी सगळा कारभार वाफेच्या दाबावर, म्हणजे बार जेमतेम दीड. पुढे गॅजियाने स्प्रिंगचा दट्ट्या आणला आणि १९४८ पासून कपावर तो सोनेरी फेस दिसू लागला. १९६१ साली फाएमा कंपनीने ई-६१ काढलं. यात पंप दाब देतो आणि कॉफी जिथून उतरते तो पितळी गोळा गरम पाणी खेळवून तापता ठेवलेला असतो. साडूभाऊंचा जीव अडकला आहे तो या गोळ्यात. त्या वर्षी सूर्यग्रहण झालं, त्यावरून त्याला हे नाव पडलं. हे त्यांनी जेवताना सांगायला नको होतं. "ग्रहणाचं नाव असलेली वस्तू या घरात यायची नाही," माई म्हणाल्या. बत्तीसावा रकाना 'माई' असा आहे.

भूसंपादनाला मात्र त्यांनी उशीर केला नाही. ओट्याच्या कोपऱ्यातली जागा मोजली, वरच्या कपाटापर्यंतची उंची मोजली आणि ई-६१ जातीच्या मशीनच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं तयार करून तिथे ठेवलं. घराला सवय व्हावी म्हणून. सोळा ॲम्पिअरचा प्लगही बसवून घेतला आणि खोक्याला मागून भोक पाडून सुतळीची वायर काढली. या जागेवर पूर्वी मिक्सर, खलबत्ता आणि लोणच्याच्या दोन बरण्या होत्या. ताईंनी एक दिवस कणीक मळतामळता घोषणा दिली, "आधी पुनर्वसन, मग धरण!" ही घोषणा साडूभाऊंनी आयुष्यभर कचेरीच्या खिडकीतून ऐकलेली. ते हादरले. मिक्सरला बाल्कनीत जागा मिळाली, बरण्यांना दिवाणाखाली. खलबत्ता अजून संक्रमण शिबिरात आहे, म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनवर.

अभ्यासात त्यांना एक गोष्ट कळली आणि ती खरी आहे. मशीनपेक्षा दळण्याचं यंत्र महत्त्वाचं. पूड एकसारखी नसेल तर ई-६१ काही करू शकत नाही. म्हणून त्यांनी ते आधी घेतलं. चांगलं, महागाचं. त्याच्याबरोबर दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटाही आला. धरण नाही, पण कालवे पूर्ण, अशी अवस्था त्यांना नवी नसावी. आता चिकमगळूरहून भाजल्याची तारीख छापलेल्या बिया येतात, साडूभाऊ त्या मोजून दळतात, आणि मशीन नसल्यामुळे त्या पुडीचं काय करायचं हा प्रश्न माई सोडवतात. पातेल्यात दूध, दोन चमचे पूड, साखर आणि वर किसलेलं जायफळ. एकदा त्या जायफळच त्या यंत्रात टाकायला निघाल्या होत्या. साडूभाऊ आंघोळीतून ओल्या अंगाने धावत आले. दशांश ग्रॅमचा काटा सध्या केशरासाठी वापरतात.

माझ्या मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात, कार्यालयाच्या अंगणात, तो नेहमीचा काउंटर होता. वर पाटी 'एक्सप्रेसो कॉफी'. पोट सुटलेलं स्टीलचं मशीन, बो लावलेला मुलगा, वाफेच्या नळीखाली दुधाचा जग आणि अर्ध्या कार्यालयाला मंगलाष्टकं ऐकू न देणारा तो खर्रर्र आवाज. साडूभाऊंनी मला दंडाला धरून तिकडे नेलं.

"किती बार?"

"इथं नाही मिळत काका," मुलगा हळूच म्हणाला. "चौकात आहे एक."

"दाब! दाब विचारतोय!"

मुलाने गळ्यातला बो वर सरकवला आणि काट्यावर टिचकी मारली. काटा दीडच्या आसपास थरथरत होता. साडूभाऊंनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले. मी म्हटलं, "त्या बेझेराचा किती होता म्हणालात?"

ते काही बोलले नाहीत. मुलाने पुढे केलेला कप त्यांनी घेतला. इन्स्टंट पूड, भरपूर साखर, वर तीन बोटं फेस आणि फेसावर चॉकलेटची पूड. मिशीला फेस लागला तो त्यांनी पुसला नाही. दुसरा कप घेतला. वऱ्हाडी मंडळी सेल्फी काढत होती तेवढ्यात तिसरा. "याला एस्प्रेसो म्हणत नाहीत," असं ते प्रत्येक कपाच्या आधी त्या मुलाला सांगत होते आणि तो "हो काका" म्हणून साखर ढवळत होता. परत येताना गाडीत ताई म्हणाल्या, "अहो, यंदा आपल्याही मशीनचा बार उडवून टाकू या. दिवाळीत." साडूभाऊ खिडकीबाहेर पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला त्यांनी मला विचारलं, कार्यालयवाल्याकडे तेव्हा किती वॅटचं कनेक्शन होतं ते मी पाहिलं का.

दिवाळीत फराळाला गेलो. ओट्यावर खोकं होतं. ताईंनी त्यावर क्रोशाचं कव्हर घातलं होतं. आतून माईंनी जायफळाची कॉफी पाठवली. साडूभाऊ चकलीचा तुकडा हातात धरून मला समजावत होते की दोन बॉयलर घ्यायचे तर ग्रॅनाइटला खालून टेका लागेल. तेवढ्यात माईंची हाक आली.

"अरे, मशीनमधले दोन कांदे दे बघू."

साडूभाऊ उठले. कव्हर घडी करून बाजूला ठेवलं, झाकण उघडून दोन कांदे काढले, आणि कड वाकू नये म्हणून झाकण दोन्ही हातांनी, अगदी सावकाश, लावलं.