ओपन स्पेसला पाणी कोण घालणार?

बीड जिल्ह्यातलं आपलं शिरूर कासार तालुक्याचं गाव झालं, नगरपंचायत आली. अशा प्रत्येक गावाभोवती रानांचे प्लॉट पडतात. विक्रीच्या नकाशात एक चौकोन हिरव्या रंगानं भरलेला असतो : ओपन स्पेस. जागेवर मात्र बहुतेकदा खडी, वाळू आणि वेडी बाभूळ.

हा चौकोन म्हणजे प्लॉटवाल्यानं केलेली मेहेरबानी नव्हे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये किमान १० टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते. एकरभर रानाचे प्लॉट पाडले, तर चार गुंठे सगळ्यांचे. त्याचे पैसे प्लॉटच्या भावात आपणच मोजलेले असतात. गुंठेवारीत घेतलेल्या प्लॉटांना सहसा तेवढंही मिळत नाही. म्हणून जिथं मिळालं, तिथं ते सांभाळायलाच हवं.

मग तिथं झाड का नाही? रोपं कमी पडली असं कुणी म्हणू नये. राज्यानं २०१६ साली २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. आपल्याकडे झाड जुलैत लागतं आणि मे महिन्यात मरतं. खड्डा कुणी खणायचा हे ठरतं. उन्हाळ्यात पाणी कुणी घालायचं हे ठरत नाही.

टँकरवर दिवस काढणाऱ्या भागात झाडाला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न खरा आहे. उत्तर नालीत वाहतंय. पाण्याची कितीही ओढ असली तरी अंघोळ होते, धुणं होतं. माणशी ५५ लिटर हे जलजीवन मिशनचं माप धरलं, तर पाच माणसांच्या घरात रोज २७५ लिटर पाणी येतं आणि त्यातलं बरंचसं वापरून बाहेर पडतं. संडासाचं पाणी वेगळं ठेवून मोरीचं पाणी पाइपानं ओपन स्पेसकडे वळवलं, तर दहा-बारा घरांवर चार गुंठ्यांतली झाडं जगतील. ही पाइपलाइन रस्ते होण्याआधी टाकायची. नंतर रस्ता फोडायला कुणी तयार होत नाही.

झाडं इथल्या मातीची लावा : कडुलिंब, करंज, चिंच, बहावा. झटपट हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस नको. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. आणि आपल्या जिल्ह्यात झाड येतच नाही, हे कुणी सांगू नये. बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपद वडाला दिलं गेलं. डोंगराच्या मुरमावर जे जमलं, ते घरांच्या मधोमध जमायला हवं.

नगरपंचायतीनं लेआउटला अंतिम मंजुरी देताना तीन गोष्टी बघाव्यात : ओपन स्पेसला कुंपण, मोरीच्या पाण्याची पाइपलाइन आणि तीन वर्षं झाडं जगवण्यासाठी प्लॉटवाल्याची अनामत. झाडं जगली तर पैसे परत, मेली तर त्याच पैशांतून नवी लावायची. आणि प्लॉट घेणाऱ्यांनो, इसार देण्याआधी ओपन स्पेसवर उभे राहा, तिथं पाणी कुठून येणार ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत इसार खिशातच ठेवा.