गंजकाका

सीवूड्समध्ये घर दाखवताना दलाल तीन गोष्टी हमखास सांगतो: स्टेशन जवळ, मॉल स्टेशनच्या डोक्यावर आणि हवा समुद्राची. तिसरीचा अर्थ पहिल्या पावसाळ्यानंतर कळतो. खिडकीच्या ग्रिलला फोड येतात, एसीच्या स्टँडचे पापुद्रे सुटतात, गेटचं बिजागर रडायला लागतं. बाकीचे रहिवासी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोंब मारतात. गंजकाका पापुद्रा खिशात घालून घरी नेतात आणि भिंगाखाली बघतात.

काकांची सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. कुणाकडे चहाला गेले तरी आधी दाराची कडी नखाने खरवडतात, मग आत येतात. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाकडच्या जिन्याचा कठडा पाहून ‘माणसं निगा राखणारी आहेत’ असा निकाल देऊन बसले. मुलगा काय करतो ते काकूंनी विचारलं. जंजिऱ्याच्या सहलीत सगळे कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढत होते, तर काका तिच्यावर हात टेकून ग्रिलवाल्याला फोनवर झापत होते, “ही बघ, पिढ्यानपिढ्या खारं वारं खातेय. तुझं ग्रिल दोन वर्षं टिकेना!”

अशा माणसाच्या माळ्यावर वडिलांची छऱ्याची बंदूक सापडली. कोकणातल्या घरी नारळावरची माकडं पळवायला घेतलेली. खंडेनवमीला पूजेत पाने, व्हर्नियर, ग्रीसगन यांच्याशेजारी ठेवायची म्हणून खाली काढली, तर नळी लालभडक. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, काकांनी श्रद्धांजली. दसऱ्याचं सोनं लुटून झाल्यावर घोषणा झाली : बंदुकीला घरीच ब्लूइंग करायचं, म्हणजे लोखंडावर गंज रोखणारा काळा थर चढवायचा.

ब्लूइंगच्या मुख्य तऱ्हा तीन. बाटलीतलं औषध पुसून काळं करायचं, हे काकांच्या मते केसांना कलप. कारखान्यात कॉस्टिक आणि नायट्रेटचं द्रावण 140 अंशांच्या आसपास उकळवतात. त्याचं नाव निघताच काकूंनी स्वयंपाकघराच्या दारात हात आडवा केला. उरली त्यातली सर्वांत जुनी तऱ्हा, आणि तिथे काकांच्या आयुष्याची थट्टा झाली. कारण या तऱ्हेत नळीला मुद्दाम गंज चढवावा लागतो.

नळी पॉलिश पेपरने घासायची, बोटाचं तेलसुद्धा लागू न देता धुवायची, गंज चढवणारं औषध अगदी पातळ लावायचं आणि दमट जागी टांगायची. तांबूस साय धरली की पाण्यात उकळायची. उकळताना लाल गंजाचा काळा मॅग्नेटाइट होतो. वरची काजळी बारीक स्टीलवूलने पुसायची, पुन्हा औषध, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. सहा-आठ फेऱ्यांत काळाभोर थर बसतो. तोही एकटा फारसं राखत नाही. त्यात मुरलेलं तेल राखतं. रोजच्या वापरातल्या लोखंडी तव्यासारखंच.

कोरड्या मुलखातले कारागीर दमटपणासाठी खास पेटी बनवतात. सीवूड्समध्ये गॅलरी पुरते. पुरते कसली, उतू जाते! खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं आणि मिठाचा गंज साय धरत नाही, खड्डे पाडतो. त्यामुळे काका दर तासाला गजर लावून उठत. जन्मभर ज्याला हाकललं त्या पाहुण्याला ‘ये, पण बेताने ये’ असं विनवत मध्यरात्री टॉर्च घेऊन उभे. नळी मावेल असं पातेलं घरात नव्हतं, म्हणून तुर्भ्याच्या एमआयडीसीतून पत्र्याची लांब पन्हळ वळवून आणली. ती दोन शेगड्यांवर आडवी ठेवली की कुकरला जागा नाही. मोरबे धरणाचं पाणी काकांना चालेना; डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आले. त्या दिवसांत त्या घरी वरण शिजलं नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र निराळंच शिजलं. ‘सी विंगच्या गॅलरीत बंदूक लटकते आहे.’ सेक्रेटरी वॉचमनला पुढे घालून आले. काकांनी त्यांना बसवून नियम ऐकवला : नळी 4.5 मिलिमीटरची आणि जोर 20 ज्यूलच्या आत असेल तर छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. सेक्रेटरी उठू लागले तशी त्यांच्या हातात स्टीलवूल दिली. वॉचमन खालच्या खाली पळाला.

कीर्ती पसरली. पलीकडच्या इमारतीतले एक गृहस्थ आपल्या परवान्याच्या दुनळीचं विचारायला आले. काकांचे डोळे चमकले. “दुनळी? तिला हीच तऱ्हा. दोन्ही नळ्या शिशा-कथलाच्या झाळीने जोडलेल्या असतात. कॉस्टिकचं उकळतं द्रावण झाळ खाऊन टाकतं.” मग आवंढा गिळून म्हणाले, “पण मी हात लावणार नाही. 1959चा शस्त्र कायदा आहे. परवानेवाल्या कारागिराकडेच न्या.” एवढा मोह आवरलेला काकूंनी लग्नानंतर प्रथमच पाहिला.

बंदूक आता दिवाणखान्यात आहे. मखमली काळी, कुठे खड्डा नाही, डाग नाही. काम खरोखर उत्तम. पाहुण्यांनी ती रुमालाने धरायची असते. छरा मात्र तिच्यातून सुटत नाही, कारण आतली स्प्रिंग वडिलांच्या हयातीतच मोडली आहे. त्याबद्दल विचारलं तर काका म्हणतात, “ते खातं आपलं नव्हे.”